मधल्या मापाची सायकल

आमच्या घरात स्वतःसाठी काही मागायची रीत नाही. माशाची शेवटची तुकडी "तू घे", "नको, दादाला दे" असं करत सगळ्यांच्या ताटांवरून फिरते आणि थंड होऊन पुन्हा कालवणात जाते. बाहेरचे याला संस्कार म्हणतात. मला त्याचा भयंकर राग येतो, आणि वाढायला कोणी आलं की मीही ताटावर हात आडवा धरतो.

दादा, माझा थोरला भाऊ, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत फिटर होता. कंपनी बंद पडली तेव्हा त्याचं वय असं होतं, की नवी नोकरी कोणी देईना आणि घरी बसणं शोभेना. तरी तो बसला. खरवईच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या दिवाणावर, दाढी वाढवून. वहिनीने हाक मारली तर नुसतं "हं". डॉक्टरांनी सांगितलं, साखर वाढलीय, रोज चालवा. चालणं कसलं, तो जिन्यापर्यंत यायला तयार नव्हता. मी शाळेत शिकवून दुपारी परत यायचो तेव्हा तो सकाळी होता तिथेच असायचा. हा एक दिवस बोलायचाच थांबेल, अशी मला भीती वाटायची.

ट्रायथलॉनची जाहिरात सोसायटीच्या ग्रुपवर आली होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं लागोपाठ. नवशिक्यांसाठी अंतर कमी होतं. मी ती दादाला दाखवली ती निव्वळ चिडवायला. शाळेत असताना हा भर पावसाळ्यात उल्हास नदी पोहून पलीकडे गेला होता आणि आल्यावर आईने त्याला ओल्या कपड्यांतच झोडपलं होतं. त्याने फोन हातात घेतला, बराच वेळ बघितला.

"पाण्यात पहिलं उतरायचं का शेवटी?"

"पहिलं."

"मग बरं आहे."

कित्येक आठवड्यांत त्याने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

आम्ही सकाळी तलावावर जायला लागलो. तो सरळ सूर मारून पलीकडच्या काठाला निघायचा. मी मध्येच गटांगळ्या खायचो. "पोहायला आलास का पाणी प्यायला?" असं तो सगळ्यांदेखत ओरडायचा आणि मला त्या अपमानाचा फार आनंद व्हायचा. धावताना मात्र तो माझ्या मागे असायचा, विजेचा एक खांब पळत आणि दोन चालत. त्याने दाढी केली. एकदा वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच म्हणाली, "भावोजी, काही करा, पण हे थांबू देऊ नका."

राहिली सायकल. दोन घ्यायची ऐपत नव्हती. सराव एकीवरच आळीपाळीने करायचा आणि स्पर्धेपुरती दुसरी कोणाची तरी मागून आणायची, असं ठरलं. उल्हासनगरातल्या एका दुकानात गेलो. सिंधी शेठने आधी जाड टायरची, चकचकीत, पुढे शॉकअप असलेली पुढे ओढली. "साईं, ये ले जाओ, गड्ढा मालूमच नहीं पडेगा." मी रात्र रात्र व्हिडिओ बघून शहाणा झालो होतो. शॉकअपवाली जड पडते, पातळ टायरची रेसची आमच्या रस्त्यांवर टिकणार नाही, म्हणून दोन्हींच्या मधली, हायब्रीड. इथवर मी बरोबर होतो.

मग त्याने विचारलं, "नाप किसका लूँ?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

मी दादाच्या खांद्याला लागतो. त्याची फ्रेम वेगळी आणि माझी वेगळी, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी म्हणत होतो, हे सगळं दादासाठी आहे, मोठी द्या. दादा म्हणत होता, मी काय, आज आहे उद्या नाही, ह्याच्या मापाची द्या. बराच वेळ हे चाललं. शेवटी शेठ कंटाळला. "दोनों भाई इतना प्यार करते हो, तो बीचवाली ले जाओ ना." आम्ही मधली घेतली. कोणाचंच मन मोडलं नाही, म्हणून दोघेही खुशीत घरी आलो.

सीट वरखाली होते. दादाने सीटच्या दांड्यावर टेप लावून दोघांच्या खुणा केल्या. पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर आहे तेवढंच राहतं. तो बसला की घडी घातल्यासारखा दिसायचा, गुडघे कोपरांना लागतील असे. मी ताणून हँडल धरायचो आणि थोड्याच वेळात तळव्यांना मुंग्या यायच्या.

"कशी चालते?" तो विचारायचा.

"मस्त. तुला?"

"एक नंबर."

असे दोन महिने आम्ही एकमेकांशी खोटं बोललो.

एका रविवारी तो बारवी धरणाच्या रस्त्याला गेला आणि खूप उशिरा, सायकल हातात धरून चालत आला. पंक्चर झाली, म्हणाला. तो आंघोळीला गेल्यावर मी टायर दाबून बघितले. दोन्ही दगडासारखे कडक होते. दुसऱ्या दिवशी त्याचा गुडघा नारळाएवढा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, कूर्चा आधीच झिजलेली होती, त्यात पाय दुमडून एवढी सायकल चालवली. आता सायकल नाही, धावणं नाही. पोहायला हरकत नाही.

"नुसतं पोहून काय करू?" दादा म्हणाला आणि दिवाणावर जाऊन आडवा झाला.

मला संताप अनावर झाला. "दुखत होतं तर बोलला का नाहीस?"

"तुझे हात बधिर होत होते, तू बोललास?" त्याला कळलं होतं तर. मला हात झटकताना त्याने पाहिलं होतं.

"दोघेही मेले एका माळेचे मणी," वहिनी आतून म्हणाली आणि डोळे पुसत बाहेर आली.

मी शेठला फोन लावला. थोडे पैसे वर घेऊन बदलून देतो, म्हणाला. मी दादाजवळ बसलो. "तुझ्या मापाची आणतो. गुडघा बरा झाला की हळूहळू सुरू करू. नाहीतर ही मधलीच ठेवू, दोघांना चालेल."

"दोघांना कशाला?" तो म्हणाला. "तुझ्या मापाची आण."

आवाजात राग नव्हता, आग्रहही नव्हता. आमच्या घरात "तू घे" म्हणताना समोरच्याने "नको" म्हणावं अशी वाट बघतात. तो वाट बघत नव्हता. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते म्हणता आलं नाही.

मी माझ्या मापाची आणली. पहिल्यांदा जांभूळ गावाच्या बाजूला गेलो. तळवे ठीक, पाठ ठीक, पायडल खाली गेलं की पाय हवा तेवढाच सरळ होत होता. सायकल इतकी सहज पळत होती की मला रडू यायला लागलं. बाजूला उभा राहून मी चांगला रडलो. एक टेम्पोवाला थांबून "लागलं का भाऊ?" असं विचारून गेला.

घरी आलो तेव्हा दादा जागा होता. मी म्हणालो, "उद्या तलावावर जाऊ या का? नुसतं पाण्यात पडून राहू. मला शिकव तरी."

त्याने कूस बदलली.

"तू जा," तो म्हणाला.