दुसरा ठोसा

माझ्या पाठचा भाऊ डावखुरा, म्हणून त्याला सगळे डावरा म्हणतात. सोफ्यांना कापड चढवणं हा त्याचा धंदा. दिवसभर ओठात खिळे धरून हातोडी चालवायची आणि संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकवायचं. तिथल्या फाटलेल्या बॅगाही तोच शिवायचा. मी म्हणायची, बाबा रे, स्वतःच फाडतोस आणि स्वतःच शिवतोस, तुला दुसरं गिऱ्हाईक हवं कशाला?

धाकट्यालाही त्यानंच शिकवलं. आमचं हे शेंडेफळ अंगानं काटकुळं आणि जिभेनं तिखट. भांडण त्यानंच उकरून काढलं, हे मी आधीच सांगून टाकते. डावऱ्याच्या दुकानासमोर टेम्पो लावला म्हणून त्यानं ड्रायव्हरला नको ते ऐकवलं. ड्रायव्हर चांगला आडदांड. त्यानं धाकट्याची कॉलर पिळून त्याला शटरवर दाबलं. धाकट्याचे डोळे पांढरे झाले. डावरा आतून धावत आला आणि त्यानं दोन ठोसे मारले. ड्रायव्हर पायरीवर आपटला, जबडा मोडला.

पुढची चूक बॉक्सिंगवालाच करू जाणे. डावरा स्वतःच्या पायांनी पोलिसांकडे गेला. किती मारले, असं विचारल्यावर या शहाण्यानं उभं राहून हवेत करूनच दाखवलं. उजवा, डावा. म्हणाला, साहेब, हे दोन जोडीनंच जातात, वर्षानुवर्षांची सवय आहे. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि यानं खाली सही ठोकली.

गल्लीत कुणीतरी उठवलं होतं की बॉक्सरच्या हातांची म्हणे पोलिसांत नोंद असते, बंदुकीसारखी. वकीलबाई हसल्या. तसं काही नसतं म्हणाल्या. पण त्या लगेच गंभीरही झाल्या. दुसऱ्याला वाचवायला मारलं तर कायदा समजून घेतो, मात्र धोका टळल्यानंतरचा ठोसा हा हल्ला धरतात. त्यात शिकलेला हात असला की न्यायाधीश विचारणार, तुला तर कळत होतं ना काय होईल ते? म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. दुसरा ठोसा बसला तेव्हा कॉलर ड्रायव्हरच्या मुठीत होती की सुटली होती? ड्रायव्हर आणि डावरा आपापल्या बाजूचंच सांगणार, हे सांगू शकणारा तिसरा एकच माणूस होता, आमचा धाकटा.

मी निर्धास्त होते. डावरा जामिनावर घरी होता, तेव्हा धाकट्यानं आईला जेवताना कितीदा तरी सांगितलं होतं, दुसऱ्या ठोशापर्यंत मला श्वास घेता येत नव्हता. दादा नसता तर मी गेलोच असतो, म्हणायचा, आणि आई डावऱ्याच्या ताटात आणखी वाढायची.

साक्षीच्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला. सरकारी वकिलांनी कॉलरचं विचारलं.

"पहिल्याच ठोशाला सोडली होती," धाकटा म्हणाला.

मला वाटलं, घाबरून चुकला. आता सावरेल. वकिलांनी विचारलं, तुम्हीही बॉक्सिंग शिकलात, मग दुसरा ठोसा आवरता येतो का?

"येतो. दादानंच शिकवलंय. हात थांबवता आला नाही तर उचलू नका, असं तो रोज सांगतो."

हे मात्र खरं होतं. डावरा रोज हेच ओरडायचा, मी स्वतः ऐकलंय. त्याचंच वाक्य नेमकं काढून त्याच्या गळ्याला लावलं. आमच्या वकीलबाईंनी उलटतपासणीत खोदलं तेव्हा उलगडा झाला. ड्रायव्हरनं धाकट्यावर केलेली शिवीगाळीची तक्रार गेल्याच आठवड्यात मागे घेतली होती. धाकट्याला विमानतळावर नोकरी लागत होती, त्याला पोलिसांचा शेरा स्वच्छ हवा होता. आमच्याच ताटात जेवून त्यानं केसानं गळा कापला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी त्याची सख्खी बहीण, पण त्या घटकेला तो मला परका झाला.

डावऱ्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. व्यायामशाळेनं फळ्यावरचं त्याचं नाव त्याच दिवशी पुसलं. धाकटा कोर्टाच्या मागच्या दारानं निघून गेला.

डावऱ्याला तुरुंगात नेण्याआधी मला बाकाजवळ त्याच्याशी बोलू दिलं. मी धाकट्याच्या नावानं नाही नाही ते बोलले. त्याला उंबऱ्यात पाऊल टाकू देणार नाही म्हणाले. डावरा हातांकडे बघत होता. बोटांना अजून डिंक चिकटलेला होता.

"साक्ष देताना त्याच्याकडे पाहिलंस का, ताई?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, त्याचं तोंडही बघायचं नाही मला.

"हनुवटी आत घेतली होती त्यानं. खांदा पुढे. मीच शिकवलंय तसं उभं राहायला, समोरून ठोसा येणार असला की."

पोलिसानं चला म्हटलं. डावरा उठला.

"मी त्याला मारीन असं वाटलं त्याला," तो म्हणाला, आणि शिक्षा ऐकताना कोरडे राहिलेले त्याचे डोळे तेव्हा भरून आले.