पक्कंना काका

पक्कंना काका रस्त्यानं चालताना समोर बघत नसत, उभ्या गाड्यांच्या पोटाखाली बघत. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत सकाळी दुधाची पिशवी घेऊन येताना ते प्रत्येक गाडीपाशी थांबत, कमरेत वाकत, मान तिरपी करत आणि खाली कुठे काळा डाग दिसला की थेट मालकाची कडी वाजवत. "तुमच्या गाडीखाली टिपूस पडलं आहे. ऑइल असंन. पाहून घ्या." मालक लुंगी सावरत "बरं काका" म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा. काका मात्र संध्याकाळी पुन्हा येऊन वाकून जायचे.

त्यांचं खरं नाव फाटकाच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. "पक्कं ना?" हा त्यांचा शेवटचा शब्द असायचा, म्हणून ते पक्कंना काका. गॅस बंद केला, पक्कं ना? उद्या नळ येणार, पक्कं ना? विचारताना चेहऱ्यावर अशी काळजी असायची, की सांगणाऱ्यालाही आपण खरंच गॅस बंद केला का, असं वाटायला लागायचं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, तेव्हा माझा नवरा गोंदियाला नोकरीला होता आणि शनिवार-रविवारच घरी यायचा. माझी शाळा कामठीच्या पुढे. रोजच्या येण्याजाण्यासाठी आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली. गाडी घेऊन तिसराच दिवस असेल, काका धापा टाकत जिना चढून आले. "वैशाली, खाली ये वं. तुझी गाडी रडून राहिली."

मी खाली धावले. गाडीखाली थेंब होता खरा. काकांनी तो आधीच बोटावर घेऊन चोळला होता, हुंगला होता, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर टिपून उन्हात धरला होता. "ए.सी.चं पाणी दिसते. पाणीच आहे, पक्कं ना?" त्यांनी मलाच विचारलं. मला काय कळत होतं? पण त्या दिवशी शाळेत फळ्यासमोर उभी असतानाही माझ्या डोळ्यांपुढे तो थेंबच होता. काकांची काळजी अशी लागत जाणारी होती.

काका एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापकांसाठी टेबलं मांडायची, उपकरणं पुसून ठेवायची, मुलांनी ढिले केलेले स्क्रू आवळायचे, यात त्यांची सगळी नोकरी गेली. काकू माझ्या येण्याआधीच वारल्या होत्या. एकुलती मुलगी मुग्धा पुण्याला बँकेत, नातही तिकडेच. घरी काका, त्यांची जपून ठेवलेली गाडी आणि पलंगाखाली एक पत्र्याची पेटी. पेटीत जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले, नट-बोल्ट आवळायचे पाने.

गाडीचं ऑइल ते स्वतः बदलत. माझ्याही गाडीचं तेच बदलणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी आपली मदतीला म्हणून उभी राहिले, तर पहिल्याच रविवारी त्यांनी मला अंगणात सतरंजीवर बसवून पाने ओळखायला लावले. मी आमच्या घरातला, तोंड लहानमोठं करता येणारा पाना मोठ्या हौसेनं आणला होता. काकांनी तो दोन बोटांत धरला आणि लांब, तुळशीपाशी नेऊन ठेवला. "जो पाना समद्या नटांले बसते, तो एकाही नटाले बसत नाही. हा घसरते. घसरला का नटाचे कोपरे गेले. कोपरे गेले का मंग तो नट ना निघते, ना बसते." मग त्यांनी सहा कोनांची गोटी काढली, म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारा पाना. "हे पाय. साही बाजूंनी धरते."

गाडीखाली जाण्याची तयारी अर्धा तास चाले. इंजिन जरा वेळ चालवून ऑइल कोमट करायचं. मागच्या चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे. जॅकवर गाडी उचलायची, पण जॅकच्या भरवशावर कधीच राहायचं नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावायचे आणि गाडी त्यांच्यावर उतरवायची. मग काका दोन्ही हातांनी गाडीला धक्के मारत. एकदा, दोनदा, तीनदा. "हलली का?" "नाही हलली काका." "पक्कं ना?" आणि ते पुन्हा धक्का मारत.

खाली पडून वर बघितल्यावर मला पहिल्यांदा खरंच घाम फुटला होता. नाकाच्या वर वीतभर अंतरावर एवढं लोखंड. काका बाजूला पाटावर बसून एकेक पायरी सांगत. जुनं ऑइल गळू देणारा खालचा बोल्ट सोडला की त्याचं जुनं वॉशर फेकून नवं घालायचं. जुना फिल्टर काढला की त्याचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, ते बोट फिरवून बघायचं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावायचं आणि तो हातानंच आवळायचा. बोल्टसाठी मात्र त्यांचा टॉर्क पाना; हवा तेवढा जोर झाला की तो टक असा आवाज करायचा. तो टक ऐकल्याशिवाय काकांचा श्वास सुटत नसे. "हातावर विश्वास नको ठेवू. हाताले भीती वाटते का राग आला, का त्याचा जोर बदलते."

ऑइल भरून, इंजिन चालवून, बंद करून, ऑइल मोजायची पट्टी तपासून झाली तरी काम संपत नसे. ते गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवत आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता बॅटरीच्या उजेडात तो बघायला येत. मी खिडकीतून बघायची आणि पुठ्ठा कोरडा आहे हे त्यांच्या खांद्यांवरून ओळखायची.

एका मार्चमध्ये माझी दहावीच्या परीक्षेची ड्यूटी होती. आदल्या दिवशी ऑइल बदललेलं. मी पर्स घेऊन खाली आले तर काका फाटक लावून उभे. "नको जाऊ. पुठ्ठ्यावर डाग आहे." मी म्हटलं, भरताना सांडलं असेल, काल तुमच्यासमोरच सांडलं होतं. "तसंच असंन. पण पक्कं नाही." त्यांनी मला जाऊ दिलं नाही. पुन्हा ठोकळे, पुन्हा जॅक, पुन्हा स्टँड. डाग सांडलेल्या ऑइलचाच होता. मी शाळेत उशिरा पोचले, मुख्याध्यापिकेनं सगळ्यांसमोर मला झापलं आणि घरी परतल्यावर मी अंगणातच काकांवर ओरडले. "तुमच्या भीतीपायी माझी नोकरी जाईल एक दिवस!"

काका ठोकळे उचलून आत गेले. थोड्या वेळानं वर आले आणि दारातच उभे राहून बोलू लागले. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुग्धाची अमरावतीच्या एका कॉलेजात प्राध्यापकीची मुलाखत होती. आदल्या दिवशी काकांनी स्वतः ऑइल बदललं. हाताशी होता तो पाना लावला. तो घसरला, बोल्टचे कोपरे झिजले. आणखी जोर लावला तर तुटेल या भीतीनं त्यांनी बोल्ट तसाच, हाताला घट्ट वाटला तेवढा ठेवला. कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जाताना कोंढाळीच्या पुढे ऑइल गळून गेल्याचा लाल दिवा लागला आणि गाडी थांबवेपर्यंत इंजिन जाम झालं. मुग्धा मिळेल त्या गाडीनं अमरावतीला पोचली तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. पुढे तिनं बँकेची परीक्षा दिली आणि ती पुण्याला गेली.

"आयुष्यभर मी साहेबलोकांची टेबलं पुसली," काका म्हणाले. "माह्या पोरीनं त्या टेबलाच्या पल्याड उभं राहावं असं लय वाटे. ती मले एका शब्दानं बोलली नाही, वैशाली. बोलली असती तर बरं झालं असतं."

त्यानंतर मी त्यांना कधी टोकलं नाही. त्यांनी तीनदा विचारलं तर तीनदा उत्तर दिलं.

त्या वर्षी डिसेंबरात मुग्धाताई आठवडाभर आल्या. काकांचे हात तोवर थरथरायला लागले होते. गाडीखाली मी आणि पाटावर काका, असंच आमचं ठरून गेलं होतं. रविवारी ताई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. मला खालून फक्त पाय दिसत होते, काकांचे मोजे घातलेले आणि ताईंचे चपलेतले. जुनं ऑइल गळून गेलं होतं, नवं वॉशर घालून मी बोल्ट बोटांनी फिरवत होते.

"एवढं काहून घाबरता बाबा तुम्ही?" ताई म्हणाल्या. "गॅरेजवाल्याले देऊन टाका ना."

"तुले माहीत आहे काहून ते."

"अमरावती?" ताई हसल्या असाव्यात. "बाबा, अजून तेच घेऊन बसले तुम्ही? मले त्या मुलाखतीले जायचंच नव्हतं. वर्गासमोर उभं राहायचं म्हटलं का मळमळायचं मले. गाडी बंद पडली तेव्हा देवाचे आभार मानले मी."

मी बोटं थांबवली.

"मंग काहून नाही सांगितलं?" काकांचा आवाज इतका चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. "वीस वर्षं, मुग्धा! वीस वर्षं झाली!"

"तुम्ही कधी विचारलं?"

"मले भेव वाटे विचारायचं."

"अन् मले सांगायचं भेव वाटे. तुमची केवढी हौस होती."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. पाट सरकला. मोजे घातलेले पाय पायऱ्या चढून आत गेले, त्यांच्यामागून ताईंचे. दार लागलं. मी गाडीखाली एकटी आणि बोल्ट अजून बोटांनीच लावलेला.

काका अर्धं काम टाकून कधी उठले नव्हते. मी दोनदा हाक मारली. शेवटी टॉर्क पाना हाताशी ओढला, गोटी बसवली, ती साही बाजूंनी बसली का ते नखानं चाचपलं आणि हळूहळू आवळत गेले. माझी मान अवघडली होती, आणि तो आवाज यायच्या आधीच काहीतरी तुटेल असं वाटत होतं. टक. विचारायला कोणी नव्हतं. नवा फिल्टर बसवला, गाडी उतरवली, ऑइल भरलं, पट्टी चार वेळा पुसून पाहिली. दुसऱ्या दिवशी सहाला काका बाहेर आलेच नाहीत. पुठ्ठा बघायला मीच खाली गेले.

आठाच्या सुमारास त्यांच्या स्वयंपाकघरातून आवाज आले. काका ताईंना तर्री-पोह्यांत चणे कमी पडले म्हणून रागावत होते आणि ताई उलट बोलत होत्या. बापलेक बराच वेळ भांडले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मला ते ऐकायला फार बरं वाटत होतं.

उन्हाळा लागायच्या आत काका मुग्धाताईंकडे पुण्याला राहायला गेले. गाडी विकून टाकली. पेटी मला दिली, पण कसली सूचना दिली नाही, आणि तेच मला खटकत राहिलं. रिक्षात बसताना त्यांनी फाटकाच्या कुलपाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यानंतरचं पहिलं ऑइल मी एकटीनं बदललं. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गोंदियाला जायचं होतं, तेही एकटीनंच. मी बोल्टचा, फिल्टरचा, पट्टीचा फोटो काढून काकांना पाठवला. तासभर उत्तर नाही. मग मीच फोन लावला.

"हो वं, पाहिले फोटो," काका म्हणाले. मागे भाजीवाल्यांचा गलका होता. "मी आता नातीसोबत बाजारात आहे. ती मेथी निवडून राहिली अन् मले पिशवी धरायले लावली."

"काका, सगळं बरोबर दिसतंय ना?"

"तूच केलं ना? मंग झालं! काहून एवढी घाबरून राहिली?" आणि ते कोणाशी तरी मेथीच्या जुडीवरून बोलू लागले. फोन तसाच बंद झाला.

मी फोन खिशात ठेवला. आडवी पडून बोल्टला बोट लावलं. कोरडा होता. बाहेर आले, हात पुसले, पेटी बंद केली. मग पुन्हा आडवी पडले. खालच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या बाई दारात येऊन उभ्या होत्या.

"काही हरवलं का ताई?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी गाडीखालूनच म्हणाले, आणि बॅटरी आणखी थोडी पुढे सरकवली.