लेकीच्या नावाचा मासा

बंदराला लागून एक लांबट, बुटकी इमारत आहे. तिच्या मागच्या खोलीत नाववाले बसतात. त्यांना खरं नाव आहे, पगाराच्या कागदावर ते छापूनही येतं, पण होडीवाल्यांनी त्यांचं नाववाले केलं आणि तेच अंगाला चिकटलं. काम असं, की समुद्रातून जो मासा येईल तो कोण, कुणातला, हे ठरवायचं. ओळखीचा निघाला तर त्याच्या घराण्यात नेऊन बसवायचा. या पाण्यात पहिल्यांदाच दिसला तर तशी नोंद करायची. आणि जगात कुणीच त्याला नाव दिलेलं नसेल, जे फार क्वचित घडतं, तर नाव द्यायचं.

घाईच्या माणसाचं हे काम नाही. पाठीवरच्या पराचे काटे सुईच्या टोकाने एकेक उचलून मोजायचे. खवल्यांची रांग भिंगाखाली कल्ल्यापासून शेपटीपर्यंत मोजत जायची, मधे कुणी हाक मारली की पुन्हा कल्ल्यापासून. रंग मात्र मासा ताजा आहे तोवरच लिहून घ्यायचा. एकदा औषधाच्या पाण्यात गेला की लाल, निळा, पिवळा, सगळे एकाच फिकट रंगाचे होतात, जुन्या फोटोतल्या माणसांसारखे. खोलीत उभ्या भिंतींना फळ्या, फळ्यांवर बरण्या, बरण्यांत ही फिकट मंडळी. त्यांच्यामध्ये नाववाले असे बसायचे, की खुर्चीलाच माणूस फुटलाय असं वाटावं.

एक म्हातारा होडीवाला होता. नवं काही जाळ्यात आलं की बादली घेऊन तो दारात उभा राहायचा.

"काय नाववाले, आमच्या पोरांची बारशी तुम्ही परस्पर उरकता. आम्हाला साधा चहाही नाही?"

"आधी अनोळखी पोर तर आण. सगळी पाहिलेलीच थोबाडं घेऊन येतोस."

"तुमचं थोबाड तरी कुठे बदलतंय? आम्ही बघतोच ना रोज!"

असं चालायचं. बोलता बोलता हसणं यायचं आणि लगेच जायचं. कारण नाववाल्यांच्या घरात एक जागा रिकामी होती आणि ती रिकामी जागा ते सगळीकडे बरोबर घेऊन हिंडत.

त्यांना एकच मुलगी होती. शाळेत जायला लागली होती, समोरचे दुधाचे दात पडले होते, हसली की फटीतून जीभ दिसायची. तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोट उघडून पाहावं लागेल. पाहिलं. करता येण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी केलं, पण मुलगी घरी आली नाही.

त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. तिचा फ्रॉक कपाटात होता, तिची उशी पलंगावर होती, नाव तेवढं नव्हतं. ते जिभेवर यायचं आणि दातांपाशी थांबून मागे फिरायचं. नवरा-बायको दुधाचं बोलत, गॅसचं बोलत, शेजाऱ्यांच्या गळक्या नळाचं बोलत. जगातल्या माशांना नावाने हाक मारणारा हा माणूस स्वतःच्या लेकीचं नाव उच्चारू शकत नव्हता.

मग एके दिवशी होडीवाल्याच्या बादलीत तो मासा आला. बोटाएवढा लांब, अंग पिकल्या पानासारखं पिवळं, आणि पाठीच्या परावर एक काळा ठिपका. ठिपक्याभोवती निळी कडी, जणू पाठीला फुटलेला डोळा. लागोपाठ तसेच आणखी दोन आले. नाववाल्यांनी पुस्तकं उलटीपालटी केली, दूरदूरच्या जाणकारांना फोटो पाठवले. सगळ्यांचं एकच उत्तर, पाहिला नाही. काट्यांची मोजणी एका मोठ्या, तपकिरी, जाड ओठांच्या माशाशी जुळत होती, पण तो हातभर लांब, अंगावर आडवे पट्टे, ठिपक्याचा पत्ता नाही. त्याला पिढ्यान्‌पिढ्या आधी कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं. नाववाल्यांनी लिहिलं, हा त्याचा जवळचा नातलग.

आणि नव्या माशाला त्यांनी लेकीचं नाव दिलं.

छापलेलं पान घेऊन ते घरी आले. बायकोने हात पुसले, पान खिडकीपाशी नेलं आणि नावावरून बोट फिरवलं. मग ती मोठ्याने वाचू लागली. मागे लॅटिनची शेपटी होती, ती तिने सोडून दिली. पुढचं तेवढं वाचलं. कितीतरी दिवसांनी त्या भिंतींनी ते नाव ऐकलं.

त्या दिवसापासून घराला वाचा फुटली. नाववाले दारात चपला काढतात न काढतात तोच ती विचारायची, "आज आली का ती?" आणि नाव घ्यायची. "नाही आली," ते म्हणायचे आणि तेही नाव घ्यायचे. "पाणी ढवळलेलं असेल. तिला स्वच्छ पाणी लागतं." "तिला पहिल्यापासूनच घाण खपत नाही," बायको म्हणायची. मग दोघं हसायची, आणि माशावरून गाडी लेकीवर यायची. ती आंघोळीला किती त्रास द्यायची, चप्पल उलटीच कशी घालायची. माशाचं निमित्त नसतं तर यातलं एकही वाक्य निघालं नसतं.

पण एक गोष्ट नाववाल्यांनी केली नव्हती.

नवा मासा ठरवताना निदान एकाचं पोट उघडून पाहायचं असतं. आत पिकलेली अंडी किंवा नराची पांढरी पिशवी दिसली, की मासा वाढून पुरा झालेला आहे हे पक्कं. पुष्कळ माशांची पिल्लं आईबापांपेक्षा इतकी वेगळी दिसतात, की पाहणारा हमखास फसतो. हे नाववाल्यांना तोंडपाठ होतं. सुरी त्यांनी हातात घेतलीही होती. पण नाव तर मनात आधीच ठरलेलं. त्या इवल्याशा पोटावर पातं टेकवलं आणि त्यांना दवाखान्यातली ती पांढरी चादर दिसली. त्यांनी सुरी खाली ठेवली. तिन्ही मासे तसेच, अखंड, बरणीत गेले.

पुढे किती हंगाम आले नि गेले. मग एका दुपारी म्हातारा होडीवाला बादली घेऊन आला.

"हा घ्या तुमचा पाहुणा. ना इकडचा ना तिकडचा. आमच्यात कुणी म्हणतं पिवळा, कुणी म्हणतं तपकिरी. भांडणं लावलीन् मेल्याने!"

नाववाल्यांनी मासा पांढऱ्या थाळीत घेतला. वीतभर लांब. अंगावर पिवळा रंग होता, पण जुन्या भिंतीवरच्या चुन्यासारखा पापुद्र्यांनी उतरत चाललेला, आणि खालून तपकिरी पट्टे वर येत होते. ओठ जाड व्हायला लागले होते. पाठीच्या परावर ठिपका होता. निळी कडी तुटली होती, काळा रंग धुरासारखा विरत होता.

त्यांनी काटे मोजले. पुन्हा मोजले. मोजायची गरज नव्हती, पण हातांना दुसरं काही सुचेना. जवळचा नातलग वगैरे काही नव्हतं. पिवळा आणि तपकिरी एकच. लेकीचा मासा म्हणजे त्या मोठ्या माशाचं बालपण.

आणि माशांच्या नावांचा नियम कडक आहे. एकाच माशाला दोन नावं पडली, तर पहिलं खरं. दुसरं गळतं.

"काय झालं?" होडीवाल्याने विचारलं. "चेहरा का असा उतरला?"

"काही नाही. ओळखीचाच आहे."

"हात्तिच्या! मग चहा बुडाला म्हणायचा," असं म्हणून म्हातारा गेला.

नाववाल्यांनी थाळीवर ओलं फडकं टाकलं. बाहेर धक्क्यावर मांजरी होत्या. फडक्यात गुंडाळून मासा त्यांच्यापुढे टाकला असता, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ते खिडकीपर्यंत गेलेही. मग परत येऊन खुर्चीत बसले आणि काचेला टेकलेल्या उन्हाकडे नुसते पाहत राहिले.

घरी बायकोने दार उघडताच विचारलं, "आज आली का ती?"

नाववाल्यांनी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं.

ती ऐकत होती. हातातला पेला तिने कठड्यावर ठेवला. "आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसा ना! दुसरा कुणी शोधेल तेव्हा शोधेल. तुम्हालाच कुठली हौस? बापच सापडला का तिचं नाव पुसायला?"

"चूक माझी आहे गं. पोट बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

"का नाही बघितलं?"

नाववाल्यांची नजर आपल्या उजव्या हाताकडे गेली. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला उत्तर कळलं. ती पाटावर खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. नाववाले तसेच चपला घालून उभे.

रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही नाही लिहिलंत, तर उद्यापासून मी नाव घेईन आणि तुम्ही तोंड फिरवाल. मला ओळखता येतो हो तुमचा चेहरा. खोट्यावर नाही टिकायचं ते."

"मग?"

"मला दाखवा. मोठा झाल्यावर कसा दिसतो ते."

दुसऱ्या दिवशी ती खोलीत आली. याआधी ती बरणी पाहायला येत असे, पण आज बरणीकडे तिने पाहिलं नाही. नाववाल्यांनी मोठा तपकिरी मासा ट्रेमध्ये ठेवला. तिने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, ठिपका जिथे असायचा तिथे येऊन थांबली.

"इतका मोठा होतो?"

"याहून होतो."

"सगळीच होतात?"

"जी वाचतात ती."

तिने मान हलवली. "आणि आता काय करायचंय तुम्हाला?"

"पुरावा लागतो. तिघांपैकी नाव ज्याच्यावर बांधलंय त्याला हात लावत नाहीत. उरलेल्या दोघांतला एक उघडायचा. तू बाहेर बस."

"तेव्हाही बाहेरच बसवलं होतं मला," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

नाववाल्यांनी बरणी उतरवली, चिमट्याने मासा काढला. पिवळा केव्हाच गेला होता, ठिपकाही राखेच्या रंगाचा झाला होता. सुरीचं पातं त्यांनी पोटावर टेकवलं. पातं पुढे सरकेना. बायकोने त्यांच्या मनगटाखाली आपला तळवा धरला, टेकूसारखा. चीर गेली. नाववाल्यांनी सुईने कडा बाजूला केल्या आणि भिंगावर वाकले. अंडी शोधायची होती. मनात कुठेतरी वेडी आशा होती, की असतील, मोहरीसारखी दाटीवाटीने असतील, आणि सगळी मोजणी खोटी ठरेल.

आत पिशव्यांच्या जागी दोन फिकट धागे होते. केसाएवढे बारीक.

"काय आहे?" बायकोने विचारलं.

"लहान आहे," नाववाले म्हणाले. भिंगावरून डोकं काही त्यांना उचलता येईना. "फार लहान आहे गं."

तिने त्यांच्या मनगटाखालचा तळवा काढून घेतला नाही. नाववाल्यांच्या डोळ्यांतलं पाणी भिंगाच्या काचेवर पडलं आणि आतलं सगळं अंधूक झालं. ते पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

मासा पुन्हा बरणीत गेला. लेकीच्या नावाची जुनी चिठ्ठी काढायची नसते, म्हणून ती आतच राहिली. तिच्याशेजारी नाववाल्यांनी नवी चिठ्ठी लिहून सोडली, त्या मोठ्या माशाच्या नावाची. झाकण घट्ट केलं, बरणी फळीवर ठेवली, हात धुतले. नाव मागे घेणारा लेख लिहायला पुढे त्यांना फार वेळ लागला नाही. लिहायचं थोडंच होतं.

त्या संध्याकाळी दोघं बरोबर घरी निघाली. धक्क्यावर होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, कुणीतरी कुणाला शिव्या घालत होतं. बायको दोनदा बोलायला म्हणून थांबली. दोन्ही वेळा नाव दातांपाशी येऊन मागे फिरलं. तिसऱ्यांदा आवाज आला.

"दूध घ्यायचंय," ती म्हणाली.

"घेऊ," नाववाले म्हणाले.