ओल्या सुताचं वजन

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे मुद्दाम लिहितोय. मी इथल्याच, सोलापुरातल्या कापडगिरणीचा कारकून. नाकातला कुजका वास अजून जात नाही.

वर्षाच्या मोजणीत सूत कमी भरू नये म्हणून कोठार सांभाळणाऱ्या अण्णांनी गठ्ठ्यांवर पाणी मारलं होतं. वजन वहीशी जुळलं. आज त्यातलेच उरलेले गठ्ठे सोडले, तर आत काळी बुरशी!

"अण्णा, हे काय हो?"

"वही जुळली न्हवं? मग झालं की!"

कापडावर डाग पडले म्हणून गेल्या आठवड्यात नरसय्या विणकराला कामावरून काढलं. "सूतच कुजकंय," तो सांगत होता. मीच वही दाखवून त्याला खोटं पाडलं.

वहीत 'माल बरोबर' लिहिलंय, खाली सही माझी. नरसय्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ, सांगा.