चिमूटभर ऊद

रोमच्या बादशहाला मी लहानपणापासून ओळखते. आमच्या घरात त्याचं नाव गावच्या पाटलापेक्षा जास्त निघायचं. तामसीकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं पाच-सहाच. आदिलाबादहून पास्टर अधूनमधून बसने येत आणि तेलुगूत उपदेश करत. बाकीचे रविवार बाबा सांभाळत. शेतमजूर माणूस, पण पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या छळाची गोष्ट रंगवावी तर त्यांनीच. त्यांच्या गोष्टीतला रोमी अधिकारी थेट तहसीलदारासारखा बोलायचा, "बादशाच्या पुतळ्यासमोर चिमूटभर ऊद टाक अन् घरी जा. काऊन मरतं गा?" लोक हसायचे. मग नकार देणाऱ्यांना ज्यांच्यापुढे टाकत त्या सिंहांकडे बाबा वळायचे, आणि कुणी हसायचं नाही.

एका उन्हाळ्यात गावातली जनावरं पटापट मरू लागली. गावदेवी पोचम्माचा कोप, असं ठरलं. प्रत्येक घराने देवीपुढे ऊद टाकायचा. एक घर राहिलं तरी ती शांत होणार नाही. आमच्या दारात आले ते काही राक्षस नव्हते, रोजच्या ओळखीचेच होते. "चिमूटभर टाका, बाकी कोनालेबी माना," म्हणाले. बाबांनी नकार दिला, आणि त्यांच्यामागे आमच्या सगळ्या घरांनी. मला वाटतं, आतून ते खूश होते. जन्मभर सांगितलेली गोष्ट अखेर दारात आली होती.

आमच्या घरांना गावची विहीर बंद झाली. नाल्यातलं गढूळ पाणी पिऊन माझ्या धाकट्या भावाला हगवण लागली. तो डोळे उघडेना, तेव्हा माय उठली. भर उजेडात, सगळ्यांच्या देखत तिने पोचम्मापुढे ऊद टाकला आणि तशीच घागर घेऊन विहिरीवर गेली. भाऊ वाचला. पुढे रोग ओसरला आणि विहीर सगळ्यांनाच उघडली.

मायने ऊद टाकला त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, येशूच्या आठवणीत वाटायची प्रभुभोजनाची भाकर बाबांनी तिच्यासमोरून पुढे नेली. मंडळीपुढे पाप कबूल कर, मग मिळेल, म्हणाले.

"लेकराले पानी पाजलं, ते पाप म्हनून सांगू?" माय म्हणाली. "तुमीच सांगा देवाले. तुमची वळख जास्त हाये."

तेव्हापासून प्रार्थनेची झोपडी सारवायची ती, सतरंजी अंथरायची ती, आणि बसायची दाराबाहेर. किती वर्षं! मला बाबांचा संताप यायचा. अजून येतो. शेवटच्या दुखण्यात तिने एकदा प्रभुभोजनाची भाकर मागितली. बाबा खाटेजवळ बसून होते, उठले नाहीत.

तिला मंडळीच्या कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरलं. परतताना मी विचारलं, "बाबा, रोममंधी ज्यायनं ऊद टाकला, त्यायचं काय झालं?" ही गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती.

बाबांनी चालता चालताच सांगितलं. "छळ सरल्यावर वापस आले. रडत."

"मंग?"

"लई वाद झाले. पन घेतलं त्यायले. मरनाच्या टायमाले तं भाकर कोनालेच नाई म्हनत नव्हते."

"तुमाले ठाऊक होतं?"

"पास्टरनं पयलेच सांगतलं होतं."

"मंग मायले काऊन नाई देल्ली?"

बाबा थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बाकीचे नाल्याचं पानी पिऊन राह्यले होते, पोरी. त्यायले काय सांगतलं असतं?"