हातोड्याचे घाव

आमच्या गॅस एजन्सीचा डेटा नव्या सिस्टिमवर गेला आणि आज इंजिनिअरने जुनी हार्ड डिस्क फरशीवर ठेवून हातोड्याने फोडली. प्रत्येक घावाला तुकडे भिंतीवर आदळत होते. जुन्या सिस्टिममध्ये शेऱ्याला जागाच नव्हती, म्हणून आमच्या कारकून शांताताई गिऱ्हाइकाच्या नावालाच जोडून लिहायच्या, 'जोशीकाका, ऐकू येत नाही, दार जोरात वाजवा.' नव्या सिस्टिमने नाव तेवढं घेतलं, बाकीचा माणूस छाटून टाकला.

"कचरा होता सगळा," इंजिनिअर हातोडा उगारत म्हणाला.

तोच हातोडा हिसकावून नव्या सिस्टिमचा चकचकीत स्क्रीन फोडावा, असं वाटलं. माणूस ओळखीचा व्हायला वर्षं लागतात, पुसायला चार घाव पुरतात.

तेवढ्यात नव्या डिलिव्हरीवाल्याचा फोन आला. "मॅडम, जोशी दार उघडत नाहीत. सिलिंडर घेऊन परत येतो."

"ठोक!" मी किंचाळले. "दार तुटेपर्यंत ठोक!"