शून्याचा ताळा

जामहून समुद्रपूरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पस्तिशीची असेल. मांडीवरच्या वहीत रेषेची गणितं करत होती: x = 2 + 3t, y = 5 − 2t; यातला t घालवून एकच समीकरण करायचं. उत्तर आलं की t ला शून्य धरून ताळा करायची आणि जुळलं की त्यावर बोटानं हलकी थाप मारायची.

तिनं 2x − 3y = −11 लिहिलं. शून्याला जुळलं, थाप पडली. मला राहवलं नाही.

“ताई, t ला एक धरून पाहा.”

x पाच आला, y तीन. जुळलं नाही. 2x + 3y = 19 हवं होतं; चिन्ह चुकलं होतं.

“शून्य धरलं का चुकलेलंबी जुळून जाते, भाऊ,” ती म्हणाली. “तासाभरानं बारावीचा पेपर हाय. दोनदा गणितातच नापास झाली मी.”

मी धीराचं काही बोलणार, तोवर तिनं वही पहिल्या पानावर नेली आणि प्रत्येक उत्तरात एक घालून पाहू लागली. समुद्रपूर येईपर्यंत आणखी दोन चुका सापडल्या. दोन्ही वेळा ती हसली. स्वतःची चूक सापडल्यावर इतकं मोकळं हसणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.